मागची सीट

वस्ताद आपल्या बायकोवर जळत होता. शेजाऱ्याच्या गाडीवर जळणारे, भावाच्या घरावर जळणारे, साडूच्या नोकरीवर जळणारे जगात ढिगाने सापडतात, आणि त्यांचं तसं बरं असतं, कारण शेजारी, भाऊ, साडू सतत डोळ्यांसमोर नसतात. बायकोवर जळणाऱ्याची मात्र पंचाईत होते. जिच्या हातचा चहा घ्यायचा तीच डोळ्यांत खुपते, आणि तक्रार करायची म्हटली तर ऐकायला घरात दुसरं माणूस नसतं.

बरं, हिला या परक्या देशात आणली कुणी? त्यानेच. स्वतःच्या मोटरसायकलवर, मागे बसवून.

आपल्या गावी त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. हात असा चालायचा की लोक गाडी ढकलत आणत आणि किक मारून घेऊन जात. म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणू लागले आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. या वस्तादाच्या डोक्यात एक खूळ होतं. मोटरसायकलवर बसायचं आणि एकामागून एक सरहद्द ओलांडत रस्ता संपेल तिथवर जायचं. त्यासाठी एक जुनी गाडी त्याने पार सुटी करून पुन्हा जुळवली. लोक हसले. "चौकापर्यंत जाऊन परत येईल," म्हणाले. तो खरंच निघाला तेव्हा फोटो काढायला तेच लोक पुढे होते.

बायको शिवणकाम करायची. ती म्हणाली, "मी पण येणार."

"मागे बसून कंबरडं मोडेल तुझं."

"माझंच मोडेल ना? तुम्हाला काय करायचंय!"

अशी ती मागे बसली. सामानात तिने आपली शिवणाची कात्री घेतली, ती वस्तादाने दोनदा बाहेर काढून ठेवली आणि तिने दोन्ही वेळा परत आत टाकली.

वाटेवर दोघांची कामं आपोआप ठरत गेली. गाडी चालवणं वस्तादाचं, बाकी सगळं तिचं. वारा आणि इंजिन यांच्या गोंगाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांनी खुणा बसवल्या होत्या. उजव्या खांद्याला हात लावला की उजवीकडे, डाव्याला लावला की डावीकडे, पाठीवर तळवा टेकला की थांबा, आणि खांदा दोनदा थोपटला की चला. पाट्या ती वाचायची, नकाशा ती बघायची, सरहद्दीवरच्या साहेबांशी ती बोलायची. सुरुवातीला हातवारे करून, मग मोडकंतोडकं, मग चक्क फर्डं. "गाडी मी चालवतो," हे वस्ताद प्रत्येक सरहद्दीवर छाती काढून सांगायचा, आणि ते त्या साहेबाला समजावून सांगायचीही तीच.

पेट्रोलचा कॉकसुद्धा तिच्याकडे होता. टाकीच्या खाली, डाव्या बाजूला असतो तो. त्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर भरून वाहायचा, म्हणून थांबल्यावर कॉक बंद करावा लागे. आधी उतरायची ती, म्हणून वाकून बंद करायचीही ती आणि निघताना उघडायचीही ती. चालत्या गाडीत पेट्रोल खाली गेलं आणि इंजिन खोकायला लागलं की तिचा हात मागून त्याच्या गुडघ्याखाली यायचा आणि कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. वस्तादाने एवढे घाट, एवढी वाळवंटं पार केली, पण मान खाली घालून कॉककडे बघायची वेळ त्याच्यावर आली नाही. हळूहळू त्याला वाटू लागलं की इंजिन आपोआपच खोकायचं थांबतं.

मग या शहरात गाडीची सीट फाटली. दोघं सीट शिवणाऱ्याच्या कारखान्यात गेले. तिथला मालक, त्याला ते दोघं आपसात सीटवालाच म्हणत, रुंद खांद्यांचा, टकलू, हसरा माणूस. तो शिवत होता आणि ही बाजूला उभी राहून चुळबुळत होती, कारण टाका वाकडा जात होता. शेवटी तिने त्याला हाताने बाजूला केलं, मशीनवर बसली आणि सीट शिवून दिली. सीटवाल्याने टाक्यावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवसाचा आठवडा झाला, आठवड्याचे महिने. परवाने निघाले, भाड्याची खोली झाली, खोलीला पडदे झाले. रस्ता संपेल तिथवर जायला निघालेली मोटरसायकल जिन्याखाली उभी राहिली. आणि वस्ताद? भाषा येईना म्हणून गॅरेजवाले दारात उभं करेनात. "माझ्या पान्याला सगळ्या भाषा येतात," असं तो म्हणायचा, पण इथल्या गाड्या पान्याआधी संगणकाला विचारतात. त्याला बस-आगारात काम मिळालं. बस धुवायचं. हातात लांब दांड्याचा ब्रश, पायांत रबरी बूट आणि समोर रांगेने उभ्या बस.

इथूनच जळायला सुरुवात झाली.

आधी भाषेवरून. दुकानात गेलं की दुकानदार तिच्याकडे बघून बोलायचा आणि वस्तादाकडे बघून नुसता हसायचा, जसं कडेवरच्या पोराकडे बघून हसतात. शेजारीण जिन्यात भेटली की दोघी खिदळायच्या. "काय म्हणत होती?" तो विचारायचा. "काही नाही हो, विनोद होता. सांगून मजा नाही यायची." मग मजा न आलेला वस्ताद पिशव्या उचलून वर जायचा.

मग फोनवरून. प्रवासात असताना धाकटा भाऊ रोज विचारायचा, "दादा, आज कुठे पोचलास?" सारी गल्ली त्याच्या फोनभोवती जमायची म्हणे. आता फोन लागला की तो म्हणायचा, "दादा, बरा आहेस ना? वहिनीला दे जरा." आई तर तेवढंही विचारत नसे.

"सूनबाई कुठाय?"

"कामावर आहे. मी आहे ना, बोल की."

"तुझ्याशी काय बोलायचं? तू आहेसच. ती आली की लावून दे."

वस्तादाने फोन ठेवला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी कुणी चालवली? हँडल कुणी धरलं? वाळूच्या वादळात कुणाचे डोळे सुजले? हे विचारायला तो आईला परत फोन लावणार होता, पण आपण पोरासारखे रुसलो आहोत हे त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो मूग गिळून बसला.

पण हे सगळं परवडलं, असं वाटायला लावणारी गोष्ट पुढे झाली. एक दिवस आगारातून लवकर सुटी मिळाली म्हणून तो बायकोला आणायला कारखान्यात गेला. आत मशीनची धडधड चाललेली. बायको पाठमोरी उभी होती. शेजारी सीटवाला वाकून कापड कापत होता. तिने त्याच्या उजव्या खांद्याला हात लावला, तो उजवीकडे वळला. तिने कापड नीट लावून दिलं. मग तिने त्याचा खांदा दोनदा थोपटला आणि तो पुढे कापू लागला.

चला.

वस्ताद दारातच खिळला. त्या दोन थोपटण्यांवर त्याने डोंगर चढले होते. झोप आलेली असताना, बोटं गारठलेली असताना, पुढे रस्ता आहे की नाही हे ठाऊक नसताना खांद्यावर ते दोनदा पडलं की तो गाडी पुढे घालायचा. आणि इथे ते एका टकल्या माणसाला, रेक्झिनचा तुकडा कापण्यासाठी! बायकोने दुसऱ्याला वस्तादाचं जाकीट घालायला दिलं असतं तरी त्याला एवढं लागलं नसतं.

"सगळ्यांनाच शिकवल्यात त्या खुणा," ती घरी जाताना सांगत होती, मोठ्या आनंदात. "मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही ना. फार सोय झाली."

"झाली असेल," वस्ताद म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने परत जायचं टुमणं लावलं. आई थकली, गॅरेज बंद पडलंय, इथली हवा सोसत नाही, कारणं रोज नवी. खरं कारण एकच होतं आणि ते काही त्याच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

तेवढ्यात सीटवाल्याने तिला बढती देऊ केली. गिऱ्हाइकांकडे जाऊन मापं घ्यायची, काम ठरवायचं, चार माणसं हाताखाली. त्यासाठी मोटरसायकल चालवायचा परवाना हवा होता. वस्तादाचा जुना परवाना इथे बदलून मिळाला होता, पण तिच्याकडे कुठलाच नव्हता. ती वस्तादाला म्हणाली, "शिकवा ना मला. तुमच्यासारखा वस्ताद घरात असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ?"

त्याने शिकवलं, पण कसं? ती क्लच सोडायच्या आधी हा ओरडायचा, सोडल्यावरही ओरडायचा. "अगं, गाडी आहे ती, शिवणयंत्र नव्हे!" ती गप्प राहून पुन्हा गाडी सुरू करायची. पहिल्या परीक्षेत आठच्या आकड्याच्या वळणावर तिचा पाय खाली टेकला आणि ती नापास झाली. त्या संध्याकाळी चहा वस्तादाने केला. गाळताना तो शीळ घालत होता. बायकोने ती शीळ ऐकली आणि कपाकडे बघत राहिली.

"असं करू या," ती म्हणाली. "सीटवाला आणखी एकदाच थांबेल, मग दुसऱ्याला घेईल. या खेपेला मी नापास झाले तर तुम्ही म्हणाल तेव्हा परत जाऊ. आणि पास झाले तर परत जायचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," वस्ताद म्हणाला. एवढ्या चटकन तो लग्नालाही हो म्हणाला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मैदानापर्यंत गाडी त्यानेच चालवत नेली आणि ती मागे बसली. थांबल्यावर ती आधी उतरली, सवयीने वाकली, कॉक बंद केला. कठड्याशी उभं राहून दोघांनी इतरांच्या परीक्षा पाहिल्या. कुणी ठोकळे पाडत होतं, कुणी चढावर गाडी बंद पाडत होतं. तिचा नंबर पुकारला. तिने वाकून कॉक उघडला, किक मारून इंजिन सुरू केलं आणि नंबरचं जाकीट घालायला परीक्षकाच्या टेबलाकडे गेली.

"धरा जरा गाडी," जाताना म्हणाली.

वस्तादाने गाडी धरली. हाताखाली इंजिन थरथरत होतं. हे इंजिन त्याने जुळवलेलं, त्याची धडधड झोपेतही ओळखेल असं. टेबलाशी बायको परीक्षकाला काहीतरी सांगत होती आणि परीक्षक, जो सकाळपासून कुणाकडे बघून ओठ हलवत नव्हता, तो हसला. इथेही! विचार असा वस्तादाने केलाच नाही. त्याचा हात खाली गेला आणि कॉक बंद करून वर आला.

कार्बोरेटरमध्ये असलेल्या पेट्रोलवर गाडी थोडा वेळ धावेल, मग खोकेल, मग बंद पडेल. परीक्षेत गाडी बंद पडली की नापास. घरी परत. आई म्हणेल, "आलास का रे बाबा?" गॅरेजचं शटर वर जाईल. लोक म्हणतील, "वस्ताद, सांगा की प्रवासाचं." तो सांगेल आणि बायको मागे उभी राहून चहाचे कप भरेल.

ती आली, गाडीवर बसली. त्याच्याकडे बघून हसली. "घाबरायला होतंय हो," म्हणाली. त्याला तेव्हा सांगता आलं असतं. तो म्हणाला, "क्लच सांभाळ."

आठचा आकडा तिने पाय न टेकता काढला. ठोकळ्यांमधून नागमोडी गेली, एकही पडला नाही. वस्ताद कठडा घट्ट धरून उभा होता. चांगली चालवत होती. हे त्याला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. मैदानाच्या कडेने ती मोठ्या फेरीवर निघाली, पुढे चढ होता, आणि चढाच्या अलीकडे इंजिन खोकलं.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गाडीने मान टाकली. परीक्षकाने पेन उचललं.

नवखा माणूस अशा वेळी काय करतो हे वस्तादाला पुरतं ठाऊक होतं. घाबरतो, ॲक्सिलरेटर पिळतो आणि गाडी मारून टाकतो. बायकोने यातलं काही केलं नाही. तिने गाडी आपसूक घरंगळू दिली. नजर समोर ठेवली. तिचा डावा हात सुटला, खाली गेला, गुडघ्याखाली, न चाचपडता. हा हात वस्तादाने कधी पाहिला नव्हता. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याखाली तो कितीदा आला असेल, पण त्याचे डोळे रस्त्यावर असायचे. कॉक फिरला. इंजिनने दम धरला, घशात अडकलेलं गिळल्यासारखं केलं आणि गाडी एका दमात चढावर गेली.

परीक्षकाने पेन खाली ठेवलं. फेरी संपल्यावर तो तिच्याशी काहीतरी बोलला आणि त्याने हात पुढे केला. त्यातला एकही शब्द वस्तादाला कळला नाही, पण कळायचं ते कळलं.

ती गाडी घेऊन कठड्याशी आली. इंजिन बंद केलं. उतरली, वाकली, कॉक बंद केला आणि वाकलेलीच जरा थांबली.

"मघाशी कॉक बंद होता," ती म्हणाली.

वस्ताद कठड्यावरचा रंग नखाने खरवडू लागला.

"मी उघडून गेले होते."

गाडी जुनी आहे, म्हणता आलं असतं. थरथरीने फिरला असेल, म्हणता आलं असतं. पण तो कॉक किती घट्ट आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि दोघंही तिथेच उभी होती.

"मी बंद केला," तो म्हणाला. "तू पास होऊ नयेस म्हणून." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "मला बघवत नाही. आई फोनवर तुलाच मागते. भाऊ तुलाच मागतो. तू जातेस तिथे लोक हसतात, मी जातो तिथे बस उभ्या असतात. गाडी मी चालवली ना? मग? आणि ते खांदा थोपटणं… ते त्या सीटवाल्याला कशाला दिलंस?"

ती ऐकत राहिली. मग रागाने तिचा चेहरा लाल झाला.

"सबंध वाटेत मला काय दिसलं माहितीये?" ती म्हणाली. "तुमची पाठ. लोक विचारतात काय काय पाहिलं, मी सांगते डोंगर पाहिले, समुद्र पाहिला. निम्मं तर तुमचं जाकीट पाहिलं मी. मला नसेल का वाटलं कधी, की आपण पुढे असावं? रोज वाटायचं. एवढे घाट गेले, एवढी वळणं गेली, आणि तो कॉक माझ्या बोटांशी होता. चालत्या गाडीत मी तो कधी बंद केला?"

वस्तादाने मान खाली घातली. लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली ती जळजळही होतीच. ती काही एका दिवसात जाणारी नव्हती.

तिने वाकून कॉक उघडला, किक मारली, पुढे बसली.

"बसा."

"मी?"

"चालत येणार आहात का?"

तो मागे बसला. मागच्या सीटवर तो आयुष्यात बसला नव्हता. पाय कुठे ठेवायचे कळेना, हातांचं काय करायचं कळेना. समोर जाकिटाची पाठ, खांद्याजवळ एक ठिगळ, बारीक सरळ टाक्यांचं. बाकी काही दिसत नव्हतं.

"आणि हे बघा," ती मागे न वळता म्हणाली, "खोकली तर हात घालायचं काम आता तुमचं."

इंजिन चालू होतं, पण गाडी हलेना. तिचा विचार बदलला, आता ही आपल्याला उतरवणार, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं. ती थांबली होती. सीटवाल्याचा रुंद खांदा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि ती जळजळ पुन्हा उसळली. तसाच हात वर करून त्याने तिचा खांदा दोनदा थोपटला.

गाडी निघाली. मैदानाबाहेरच्या खड्ड्यात इंजिनने जरासा आचका दिला तसा वस्तादाचा हात घाईघाईने तिच्या गुडघ्याखाली गेला. कॉक उघडाच होता. त्याने तो चाचपून पाहिला, आणि घर येईपर्यंत हात तिथून काढला नाही.